नुसता स्कोअर बघून काय कळणार?
दुर्बिणीच्या ऑपरेशनचा (लॅपरोस्कोपीचा) सराव करायच्या सिम्युलेटरबद्दल काहीजण म्हणतात की सीनियर सर्जनना जास्त आणि नवख्यांना कमी मार्क पडले म्हणजे सिम्युलेटर पास, पण तेवढ्यानं काय होतंय, तिथं शिकलेलं ऑपरेशन थिएटरमध्ये उतरतं का ते बघा ना. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या २००२ च्या अभ्यासात १६ रेसिडेंट (शिकाऊ सर्जन) होते, व्हीआरवर (कॉम्प्युटरवरच्या आभासी सिम्युलेटरवर) हात बसवलेल्यांनी पित्ताशय लिव्हरपासून २९ टक्के लवकर सोडवलं, चुकाही बऱ्याच कमी. आमच्याकडे पुण्यात सरावाला प्लास्टिकच्या डब्यात वेबकॅम लावलेला, आत साबुदाणे (हो, खिचडीचेच) चिमट्यानं उचलून वाटीत टाकायचे, हात डावीकडे नेला की स्क्रीनवर टोक उजवीकडे पळायचं, पहिला आठवडा नुसती चिडचिड. पण गाठ मारताना दोरा किती ताणलाय हे बोटांना कळायचं, महागड्या मशीनवर बऱ्याचदा तेच कळत नाही.