पत्ते वाटणाऱ्या पोरीवर ओरडणारे आपले कोल्हापूरकर

शाहूपुरीकर
गेली नऊ वर्षं पणजीला जातोय. वर्षातनं तीन-चार खेपा, आम्ही चौघं, आजरा-आंबोली मार्गे. रात्र मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर, सकाळी परत. घरात माहीत असतं, आणि किती पैसे न्यायचे ते निघायच्या आधी ठरलेलं असतं. मागच्या खेपेला जे बघितलं त्यानं मात्र मान खाली गेली.

ब्लॅकजॅकचं टेबल, म्हणजे पत्त्यांची बेरीज २१ च्या जवळ न्यायची, २१ ओलांडली की उडाला, हरला. डीलरचा, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या पोरीचा, उघडा पत्ता ६. शेवटच्या खुर्चीवर, म्हणजे डीलरच्या अगदी आधी पत्ता घेणारा, एक नवखा, त्याचे १३ झालेले. थांबायला हवं होतं, त्यानं पत्ता मागितला. आला १०, तो २३ वर उडाला. डीलरला पुढचा पत्ता १०, मग ५, म्हणजे बरोबर २१. सगळं टेबल हरलं. नवखा थांबला असता तर ते दोन्ही १० डीलरकडे जाऊन ती २६ वर उडाली असती. झालं, आपल्याकडचा एक गडी, भाषेवरनं सरळ कळत होता, आधी त्या नवख्यावर तुटून पडला आणि मग त्या पोरीवर. आईबहिणीवरनं शिव्या.

माझं मत स्पष्ट आहे. डीलर पत्ते वाटतो, नशीब वाटत नाही. हरलेल्याचा राग त्याच्यावर काढणाऱ्याला टेबलावरनं उठवलं पाहिजे, मग तो कितीही मोठा खेळणारा असो. आणि न विचारता शेजाऱ्याला शिकवायचं नाही. पैसे त्याचे, पत्ता त्याचा.

कराबद्दलही बोलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी आहे, आधी २८ होता. हा कर कॅसिनोच्या नफ्यावर नाही, आपण चिप्स, म्हणजे खेळात लावायची नाणी, घ्यायला जे पैसे मोजतो त्यावर बसतो. एका शून्याच्या रुलेटमध्ये, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकावर, कॅसिनोचा वाटा २.७ टक्के आणि सरकारचा ४०? हे मला पटत नाही. मोबाईलवरचे पैशाचे खेळ ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं बंद केले ते मात्र शंभर टक्के बरोबर. बोटीवर जायला घाट उतरावा लागतो. मोबाईल उशाशी असतो.

मंगळवार पेठ
डीलरचं मान्य, शिव्या देणं वाईटच. पण नवख्याचं नाही पटलं. समोर ६ असताना १३ वर पत्ता मागणारा माणूस अख्ख्या टेबलाचं वाटोळं करतो. शेवटच्या खुर्चीवर बसायचं तर खेळ येत असला पाहिजे. तालमीत न येणाऱ्याला थेट खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरवतात का?

शाहूपुरीकर
भावा, कुस्तीत समोरच्याचा डाव तुझ्यावर चालतो, इथं नाही. पुढचा पत्ता कुठला ते कुणालाच माहीत नाही. त्या दिवशी आधी ५ आणि मग १० आला असता, तर त्याच्या त्याच चुकीनं त्याचे १८ झाले असते आणि पाच डीलरच्या हातनं गेला असता. चुकीच्या खेळानं जितक्यांदा टेबल बुडतं तितक्यांदाच तरतं. तरलेलं कुणाच्या ध्यानात राहत नाही, एवढंच.

मंगळवार पेठ
हिशेब कळतो. तरी मी त्या टेबलावरनं उठतो. दहा हजार लावलेले असताना हिशेबानं समाधान होत नाही.

चंदगडी काजू
मी तीन वर्षं बोटीवर डीलर होतो, आता गावाकडं आहे. म्हणून दोन गोष्टी सांगतो.

लोक पैसे हातात द्यायला बघतात. डीलरला ते घेता येत नाहीत. टेबलावर ठेवायचे, म्हणजे वरच्या कॅमेऱ्याला दिसतात. टेबल सोडताना आम्ही दोन्ही तळवे उलटसुलट करून दाखवायचो, तेही कॅमेऱ्यासाठीच. बेट, म्हणजे पैज लावणं, बंद झाल्याचं सांगितल्यावर चिपला हात लावणारा गमतीनं लावत असेल, पण त्यात आमची नोकरी जाऊ शकते. हरवणाऱ्या पत्त्यांनी जेवढं दमवलं नाही तेवढं या गोष्टींनी दमवलं. टिप आमच्याकडं डब्यात जाऊन सगळ्यांत वाटली जायची, त्यामुळं 'तुला एवढी टिप दिली अन् तू असे पत्ते देतोस' या बोलण्याला काहीच अर्थ नसायचा.

आणि कोल्हापूरचा ग्राहक लांबनं ओळखू यायचा. जिंकला की हात सैल, सगळ्यांना खाऊ घालणार. हरला की आवाज चढणार. शाहूपुरीकर दादा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

राजारामपुरी नववी गल्ली
मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. माझ्या धाकट्या दिरानं आधी मोबाईलवर रमी खेळली, मग बोटीवर जायला लागला. गुळाच्या व्यापारातलं खेळतं भांडवल दीड वर्षात संपलं. जावेचे दागिने अजून गहाण आहेत. तो टेबलावर कुणाशी वाईट वागत नव्हता. तुम्ही सांगता तसाच, शांत, डीलरला आदरानं बोलणारा. म्हणून मला ही शिष्टाचाराची चर्चा खुपते. नीट वागून खेळला तरी पैसे तेवढेच जातात.

एक विचारते. गोव्याच्या सरकारनं १ फेब्रुवारी २०२० पासून स्वतःच्या माणसांना तिथल्या कॅसिनोत खेळायला बंदी केली. त्यांच्या पोरांचं नुकसान त्यांना दिसतं. मग घाटावरनं जाणारी आपली पोरं कुणाची?

शाहूपुरीकर
ताई, राग नाही. गोव्याचा मुद्दा खरा आहे, त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. आपल्या राज्यानं १९७६ सालचा कॅसिनो कायदा कधी लागूच केला नाही आणि २०२३ साली रद्द केला, ते मला योग्यच वाटतं. रंकाळ्याच्या काठाला कॅसिनो असता तर मी आज हे लिहायला शिल्लक नसतो, हेही कबूल करतो. माझा आधार तो घाट आणि ठरवलेली रक्कम, एवढाच आहे.

सायबर चौक
२.७ टक्के हा आकडा लोकांना फसवतो. तो एका बेटवरचा आहे, नेलेल्या पैशावरचा नाही. ५०० ची बेट, तासाला ४० फेऱ्या धरा. तासाला २०,००० रुपये टेबलावर फिरतात, त्याचे २.७ टक्के म्हणजे ५४०. सहा तास बसलात की सरासरी ३,२४० गेले. दोन शून्यांचं चाक असेल तर ५.२६ टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तेच पैसे फिरून फिरून लावले जातात. म्हणून चिप्स घेतानाच्या करावर तुम्ही चिडता आणि चाक रात्रभर काय घेतं ते बघत नाही. जिंकलेल्या चिप्स परत लावल्या तर त्यावर पुन्हा जीएसटी नाही, चाक मात्र दर फेरीला घेतं.

माझं म्हणणं, ४० काय, ६० लावा. लोक कमी जातील.

चंदगडी काजू
जाणारे जातातच. कर वाढला की पहिल्यांदा माणसं कमी होतात ती आमच्यासारखी, पगारावरची.

राजारामपुरी नववी गल्ली
शाहूपुरीकर दादा, अजून एक विचारायचं आहे. तुम्ही चौघं म्हणालात. कधी पाचवा नेलात का? माझ्या दिराला पहिल्यांदा असाच एक चांगला, हिशेबी माणूस घेऊन गेला होता. तो माणूस आजही ठरलेली रक्कम घेऊन जातो आणि परत येतो.

शाहूपुरीकर
नेला होता. दोन वर्षांपूर्वी, दुकानातला पोरगा, तेवीस वर्षांचा. बघायला येतो म्हणाला. पहिल्याच रात्री अकरा हजार जिंकला, आणि मी त्याच्या पाठीवर थाप मारली. नंतर तो माझ्याशिवाय जायला लागला. सध्या कुठं आहे ते विचारलेलं नाही. उद्या दुकान उघडलं की त्याच्या घरी जाऊन येतो.

मंगळवार पेठ
मी पण येतो दादा. दहाला दुकानावर थांबतो.