मसाल्याचं लेबल: 'कर्व्ह मारून, ब्लीड ठेवून द्या' म्हणजे काय?

कृष्णाकाठची:
घरगुती गोडा मसाला विकते. १० बाय ६ सेंटिमीटरचं लेबल स्वतःच फोनवर बनवलं. छापून आलं तर पोपटी रंग पार शेवाळी झालेला, कडेला पांढरी पट्टी, खलबत्त्याचं चित्र भुरकट. छापखान्यातले म्हणाले, 'ताई, फाइल सीएमवायकेत, ३०० डीपीआय, ब्लीड ठेवून, कर्व्ह मारून द्या.' मी मान डोलावून घरी आले. आता सांगा, यातलं काय काय करायचं?

जुना डीटीपीवाला:
एकेक बघू. फोनचा पडदा उजेडाने रंग दाखवतो: लाल, हिरवा, निळा. कागदावर उजेड नसतो, शाई असते. निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी, ही झाली सीएमवायके. झगझगीत पोपटी या चार शायांत बसतच नाही. तो रंग मुळातच थोडा उतरवून निवडा.

ब्लीड म्हणजे कटिंगसाठी सोडलेली जागा. पातं केसभर इकडेतिकडे होतंच. म्हणून पार्श्वभूमीचा रंग चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर काढायचा. फाइल १०.६ बाय ६.६ होईल. अक्षरं मात्र कडेपासून तेवढीच आत.

खलबत्ता किती पिक्सेलचा होता?

कृष्णाकाठची:
४०० रुंद. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला, लेबलभर ताणला.

जुना डीटीपीवाला:
मग भुरकट येणारच! १० सेंटिमीटर म्हणजे जवळपास ४ इंच. ४०० भागिले ४, इंचाला १०० ठिपके, म्हणजे १०० डीपीआय. हवेत ३००. नुसता आकडा बदलून ३०० केला तर ठिपके वाढत नाहीत, ही चूक सगळेच करतात. मूळ फोटो मागवा, तोही डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप ठिपके कमी करतं.

कर्व्ह म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकणं. तुमचा फॉन्ट त्यांच्या कॉम्प्युटरवर नसेल तर वेलांट्या भलतीकडे जातात. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-क्यू. पण आधी एक प्रत तशीच ठेवा, नंतर ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही. माझे ५०० लग्नपत्रिकांचे कागद असेच रद्दीत गेलेत.

रिकामटेकडी:
अक्षरांमधलं अंतर वाढवू नका हं. इंग्रजीत छान दिसतं, आपल्याकडे शिरोरेघ तुटते. आणि दोन ओळींत जरा जास्त जागा ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. घटकांची बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत, चारही शाया एकावर एक छापताना जरा सरकल्या की अक्षराचं भूत, म्हणजे रंगीत सावली दिसते.

छापायच्या आधी घरच्या प्रिंटरवर १०० टक्के मापात काढून बरणीला चिकटवा.

कृष्णाकाठची:
चिकटवलं. बरणी साडेसहा सेंटिमीटर रुंद. 'गो' एका वळणावर गेला, 'ला' दुसऱ्या. समोरून 'डा मसा' दिसतंय. नाव दोन ओळींत करते.