चाळीचा वरून फोटो, आत्याचा फराळ, आजीची पितळी भांडी: सेकंड हँड ड्रोन घेऊ की टेबलावर खर्च करू?

वैदेही_चिंचपोकळी

नमस्कार मंडळी. मी चिंचपोकळीला चाळीत राहते, नोकरी सांभाळून फोटो काढते. माझ्याकडे साधा एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा आहे. सोबत १६-५० ची किट लेन्स, ५० एमएम एफ/१.८ आणि एक हलकासा ट्रायपॉड. सध्या तीन कामं घेतली आहेत आणि तिन्ही मनापासून करायची आहेत.

माझी आत्या दिवाळीचा फराळ करून विकते, ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर. तिच्यासाठी मी फोटो काढते, पण चकली म्हणजे नुसता तपकिरी गोळा दिसतो आणि करंजी राखाडी येते. ट्यूबलाइट लावली तरी तेच.

दुसरं म्हणजे आजीची पितळी भांडी. चाळ पुनर्विकासाला जाणार आहे आणि नव्या घरात एवढी भांडी मावणार नाहीत. काही नातेवाइकांकडे जातील. त्याआधी एकेका भांड्याचा नीट फोटो हवा आहे.

तिसरं, खुद्द चाळ. मधला चौक, चारी बाजूंच्या गॅलऱ्या, लाकडी कठडे, सगळं एका फोटोत वरून यायला हवं. भावाचा मित्र २४९ ग्रॅमचा ड्रोन चाळीस हजारांना देतोय. तो घेऊन गच्चीवरून उडवू का? की ते पैसे लाइट आणि लेन्सवर घालू? दोन्ही परवडणार नाही.

सदानंद_दादर

वैदेहीताई, थेट सांगतो. या तीन कामांसाठी ड्रोन घेऊ नका. तीन-चार हजारांत तुमचं टेबल, म्हणजे वस्तूंच्या फोटोंची घरची मांडणी, उभी राहील, उरलेले पैसे तसेच राहू द्या.

घरगुती उद्योगांचे फोटो हे माझं रोजचं काम. मसाले, पापड, लोणची, उटणं, दिवाळीत कंदील. मधूनमधून उंच इमारतींच्या गच्चीवरून वस्त्यांचे आणि बांधकामांचे फोटोही काढतो. ही दोन वेगळी कामं आहेत असं लोकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. दोन्हीकडे मी आधी एकच गोष्ट बघतो: प्रकाश किती तिरका येतोय.

चकलीचंच घ्या. चकलीचा जीव तिच्या काट्यांत असतो. काटे उठून दिसले की बघणाऱ्याच्या दातांना कुरकुर जाणवते. प्रत्येक काट्याची एक बाजू उजळ आणि दुसरी काळी असेल तरच तो काटा दिसतो. तुमची ट्यूबलाइट डोक्यावर आहे. तिचा प्रकाश वरून सगळ्या खाचांत भरतो, सावली पुसली जाते आणि उरतो तो तपकिरी गोळा. म्हणजे प्रकाश कमी पडत नाहीये, तो भलत्या बाजूने येतोय. शिवाय ट्यूबचा रंग आणि दिवसाच्या उजेडाचा रंग वेगळा. दोन्ही मिसळले की पांढरा तोल (व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची रंगांची जुळणी) कशानेच जमत नाही. फोटो काढताना घरातला प्रत्येक दिवा बंद ठेवा.

तुमच्या घरातला सगळ्यात चांगला लाइट म्हणजे गॅलरीत उघडणारं दार. वर गॅलरीचं छप्पर असतं, त्यामुळे डोक्यावरचं आभाळ आपोआप झाकलं जातं आणि उजेड समोरून, आडवा, जमिनीलगत आत येतो. स्टुडिओत हे जमवायला आम्हाला स्टँड आणि काळे कापड लावून खटपट करावी लागते. दारापासून तीन-चार फूट आत पाट मांडा, त्यावर फराळाचं ताट. दार ताटाच्या डाव्या किंवा उजव्या हाताला आलं पाहिजे, तुमच्या पाठीशी नको. पाठीशी आलं की सावली चकलीच्या मागे लपते. गॅलरीत थेट ऊन असेल त्या वेळी दाराला बटर पेपर लावा.

दाराच्या विरुद्ध बाजूला एक पांढरी कार्डशीट उभी करा. करंजीला ती वीतभर अंतरावर, म्हणजे सावली मऊ होईल. चकलीला ती लांब न्या किंवा काढूनच टाका. चकलीच्या सावल्या गडदच हव्यात. अनारशाला काळी शीट लावून बघा, खसखशीचा एकेक दाणा वेगळा होतो. या शीट आणि बटर पेपर अब्दुल रहमान स्ट्रीटला मिळतील.

करंजी राखाडी का येते? कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोर जे दिसेल ते मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. पांढऱ्या ताटात पांढरट करंजी ठेवलीत की तो उजेड जास्त आहे असं समजून फोटो काळवंडवतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची कॅमेऱ्यातली सोय) अधिक दोन तृतीयांश ते अधिक एक करा आणि हिस्टोग्रामची, म्हणजे स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखाची, उजवी कड कापली जात नाही ना, ते बघा. रॉमध्येच (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा.

वरून सरळ फोटो काढताना १६ एमएमने जवळ जाऊ नका, कडेचे लाडू ताणले जातात. ५० लावा. एपीएस-सीवर अर्धा मीटर रुंदीची चौकट हवी तर कॅमेरा ताटापासून साधारण एक मीटर वर जातो. म्हणूनच ताट टेबलावर न ठेवता पाटावर ठेवा म्हणालो. मधला दांडा आडवा होतो असा ट्रायपॉड लागेल. फोर्टात बोरा बाझारला जाऊन जुना बघा. दांड्याच्या मागच्या टोकाला पाच किलो तांदळाची पिशवी लटकवा, नाहीतर सगळं ताटात कोसळेल. एफ/८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. शटर पाव सेकंदापर्यंत गेलं तरी चालेल, पण चाळीची जमीन लाकडी असेल तर गॅलरीतून पोरं धावली की कॅमेरा हलतो आणि ते फोटोत उतरतं. पंखा बंद. दुपारी सगळे आडवे होतात ती वेळ धरा.

आता चाळीकडे येतो. तुमचे कठडे म्हणजे मोठ्या चकलीचे काटेच. त्यांना सावली मिळाली नाही तर ड्रोन कितीही उंच न्या, छपरांचा चौकोन आणि मधे एक राखाडी डाग एवढंच येणार. मुंबईत वर्षातून दोनदा, १५ मेच्या सुमारास आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, सूर्य बरोबर डोक्यावर येतो. घड्याळात तेव्हा बारा नव्हे, साडेबारा उलटून गेलेले असतात. उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाखाली जाते. त्या दिवसांत ऊन चौकाच्या तळापर्यंत पोहोचतं खरं, पण गॅलऱ्या सपाट दिसतात. डिसेंबरात त्याच वेळी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंशांवर. तेव्हा दक्षिणेकडे तोंड असलेल्या गॅलऱ्यांवर ऊन तिरकं पडतं, कठड्याच्या प्रत्येक गजाची सावली मागच्या भिंतीवर आणि दारांवर उतरते. मी असतो तर डिसेंबरची वाट पाहिली असती. चाळ त्याआधी रिकामी होणार असेल तर ढगाळ दिवशी चौकाचा एक समान उजेडातला फोटो काढून ठेवा, नोंद म्हणून तोही लागतोच.

उंचीसाठी रंगाऱ्यांची लांब होणारी दांडी घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. टोकाला मोबाइलचा क्लॅम्प, शटरला ब्लूटूथ रिमोट. मोबाइलला वेगळी दोरी बांधून ती कठड्याला अडकवा, खाली माणसं असतात. सगळ्यात वरच्या गॅलरीतून दांडी चौकात पुढे काढा आणि दोघांनी धरा. ग्रिड चालू ठेवलीत तर फोन सरळ खाली बघतोय की नाही हे बऱ्याच मोबाइलमध्ये पडद्यावर कळतं.

आणखी एक, माझ्या दृष्टीने महत्त्वाचं. चाळीत दारं उघडी असतात, कोणी केस वाळवत असतं, कोणी मुलाला आंघोळ घालत असतं. आदल्या दिवशी फळ्यावर लिहा की अमुक वाजता फोटो काढणार आहे. तुम्ही तिथल्याच आहात, लोक उलट कठड्याशी येऊन उभे राहतील. माणसं असलेला तो फोटो मला रिकाम्या चौकापेक्षा दहापट मोलाचा वाटतो.

निनाद_उड्डाण

सदानंददादांना अनुमोदन. मी ठाण्याच्या पलीकडे बांधकामांच्या साइटवर ड्रोन उडवतो, रिमोट पायलट सर्टिफिकेट आहे. नियमांची बाजू सांगतो.

२४९ ग्रॅमचा ड्रोन २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार नॅनो गटात येतो, कारण ती हद्द २५० ग्रॅमची आहे. नॅनोला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, हे बरोबर. विकणारे एवढंच सांगतात. पण हवाई क्षेत्राचे लाल (मनाईचे), पिवळे (परवानगीचे), हिरवे (मोकळे) विभाग नॅनोलाही लागू आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर जायचं तर एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रणाची) परवानगी हवी. मुंबईच्या नकाशावर हे वर्तुळ काढून बघा, शहर किती उरतं ते कळेल. त्यात दक्षिणेला नौदल, ट्रॉम्बेला बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र), मढ-मार्व्याला नौदलाचा तळ आयएनएस हमला. याशिवाय मुंबई पोलीस ड्रोन, पॅराग्लायडर वगैरेंवर मनाईचे आदेश काढतात आणि मुदत संपली की पुन्हा नवा आदेश निघतो. परवानगी न घेता गच्चीवरून उडवणं म्हणजे पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची तयारी ठेवणं.

दुसरं, फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. हा ड्रोन कधी आणि कसा आला, बिल आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

दांडीच्या युक्तीत एक भर. एका फोटोत चौक मावला नाही तर गॅलरीभर फिरत ओळीने फोटो काढा, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निदान ७० टक्के भाग यायला हवा. मग ओपनड्रोनमॅप नावाचं मुक्त सॉफ्टवेअर त्यातून सरळ वरून पाहिल्यासारखं एकसंध चित्र जोडतं. आम्ही ड्रोनच्या फोटोंना तेच वापरतो, फोटो कशाने काढले याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पावसाळी पाणी साचलेलं असताना मात्र काढू नका, चकाकत्या पाण्यावर जोड जुळत नाही.

माधुरी_भांडुप

फक्त एक सूचना. कॅमेरा कपड्यांच्या कपाटात ठेवत असाल तर आजच काढा. मुंबईच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते आणि एकदा काचेवर जाळं पसरलं की डाग कायमचा राहू शकतो. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, आत ४० ते ५० टक्के राहील असं बघा. निळी जेल गुलाबी झाली की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते.

वैदेही_चिंचपोकळी

सगळ्यांचे खूप आभार. ड्रोनला नाही कळवलं. आज सकाळी सदानंदकाकांनी सांगितलं तसं दारातल्या उजेडात चकलीचा फोटो काढला, आत्याने लगेच तो स्टेटसला ठेवला! आमच्या समोरच्या गॅलऱ्या दक्षिणेकडेच तोंड करून आहेत, त्यामुळे डिसेंबरपर्यंत थांबते.

आता भांडी. पितळी घागर घासून लख्ख केली तर तिच्यात मी, ट्रायपॉड, दार, सगळं दिसतं. न घासता काढू का?

सदानंद_दादर

घासू नका. धूळ कोरड्या फडक्याने पुसा, बस. जुन्या पितळेचा काळसर थर आणि हाताळून उजळलेले कान, काठ हीच त्या भांड्याची ओळख असते. चिंचेने घासलं की सगळी भांडी कालच आणल्यासारखी दिसतात.

चकचकीत गोल वस्तूचा फोटो म्हणजे तिच्यात पडलेल्या प्रतिबिंबाचा फोटो, म्हणून प्रतिबिंब कशाचं पडावं ते आपण ठरवायचं. दाराच्या बाजूला धुतलेली पांढरी चादर दोरीवर सोडा, उजेड तिच्यातून गाळून येईल. समोरच्या बाजूला दुसरी चादर. कॅमेरा दोन चादरींच्या फटीतून आत बघेल. लेन्स लांबची, तुमच्याकडची ५० चालेल, आणि जमेल तेवढं मागे उभं राहा म्हणजे घागरीत तुम्ही बोटभर उराल. काळा टी-शर्ट घाला. मग घागरीच्या डाव्या-उजव्या अंगाला, चौकटीच्या जरा बाहेर, काळ्या कार्डशीटची एकेक उभी पट्टी ठेवा. पांढऱ्या पार्श्वभूमीत घागरीची कड विरघळते, ती या काळ्या रेघेने परत येते. पट्टी मागेपुढे सरकवत स्क्रीनवर बघा, एका जागी गोलाई एकदम भरते.

जुन्या भांड्यांवर बहुतेक वेळा नाव कोरलेलं असतं, ठोकून उठवलेल्या टिंबांनी. काठाखाली किंवा बुडाशी शोधा. समोरून ते दिसतही नाही. चादर काढा, दुसरे दिवे बंद, आणि मोबाइलचा टॉर्च भांड्याच्या पत्र्याला जवळजवळ टेकवून नावाच्या बाजूने आडवा मारा. प्रत्येक टिंबाला सावली पडेल आणि अक्षरं वाचता येतील. त्याचा वेगळा जवळचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग आजीजवळ बसून विचारा की हे नाव कोणाचं, भांडं कुठून आलं, लग्नात की बाजारातून, आणि ते उत्तर फाइलच्या नावातच टाइप करा. वेगळ्या वहीत लिहिलेलं हरवतं. भांडी नातेवाइकांकडे निघाली की प्रत्येकाला त्याच्या भांड्याचे दोन्ही फोटो पाठवा, एक प्रत पेन ड्राइव्हवर आत्याकडेही राहू द्या.