नाईट शिफ्टनं जीन्स (जनुकं) बदलतात का?

चाकणचा_फिटर
चाकणला एका कंपनीत फिटर आहे. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाईट. नऊ वर्षं हेच चाललंय. नाईटला सकाळी आठला घरी येतो, नऊला आडवा होतो. साडेअकराला भंगारवाल्याची हाळी, बाराला शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या. मग डोळा लागतच नाही.

काल मेव्हण्यानं फॉरवर्ड टाकला, कमी झोपेनं माणसाचे जीन्स बदलतात म्हणे. मुलगी दोन वर्षांची आहे. तिच्यात हे उतरेल का? बायकोला अजून दाखवलेलं नाही.

लॅबवाली_ताई
दादा, आधी मुलीचं. ती जन्मून दोन वर्षं झाली, आता तुमच्या झोपेचं तिच्यात काय उतरणार?

जीन्सही बदलत नाहीत. तुमच्याच भाषेत सांगायचं तर ड्रॉइंग तेच राहतं, कुठला पार्ट किती काढायचा आणि केव्हा, ते बिघडतं. फॉरवर्डमागचा प्रयोग बहुतेक इंग्लंडच्या सरे विद्यापीठातला, २०१३ चा. २६ जणांना आठवडाभर रात्री सरासरी पावणेसहा तासांच्या आसपासच झोप मिळाली. साडेआठ तासांच्या आठवड्याशी ताडून पाहिलं, तर रक्तात ७११ जीन्सचं काम कमीजास्त झालेलं. त्यात दाह, प्रतिकारशक्ती, ताण यांच्याशी संबंधित बरेच.

पण तुमच्याशी जुळतो तो तिथलाच २०१४ चा. २२ जणांना २८ तासांचा ‘दिवस’ दिला, म्हणजे झोप रोज चार तास पुढे. रक्तातले ६.४ टक्के जीन्स आधी चोवीस तासांची लय धरून होते. दिवसा झोपायची वेळ आली तेव्हा १ टक्का उरले. मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक, मात्र आपल्या जुन्याच वेळेला. सुपरवायझर एका शिफ्टला आणि कामगार भलत्याच, असा कारभार!

भोचक
२२ माणसं, तेही काही दिवस आणि नुसतं रक्त. यावरून कुणाला घाबरवू नका.

लॅबवाली_ताई
मान्य. यातून आजार सिद्ध होत नाही. पण शिफ्टवाल्यांत मधुमेह आणि हृदयविकार जास्त दिसतात, हे वेगळ्या पाहण्यांतून आलंय. दादा, वर्षातून एकदा साखर आणि बीपी बघाच.

रात्रपाळी_सिस्टर
चौदा वर्षं वॉर्डात रात्री काढल्यात. घरी येताना काळा गॉगल लावते, सकाळचं ऊन डोळ्यात गेलं की झोप उडते. बसमध्ये लोक बघतात, बघू देत. खिडकीला जाड गोधडी. ड्युटीच्या शेवटच्या तीन तासांत चहा नाही. आणि दाराच्या बेलचं बटण बंद, हे सगळ्यात मोठं. दुपारी उरलेली झोप जेवणानंतर तासभर काढते, तुकड्यात का होईना.

चाकणचा_फिटर
गोधडी लावली. आज एकपर्यंत झोपलो. बेल बंद केली, तर गॅसवाला परत गेला. त्यावरून बायकोला सगळं सांगावं लागलं. ती म्हणाली, साखर तपासायला शनिवारी दोघं जाऊ.