मदत हवी आहे: मुख्याध्यापक बदलले आणि शिकवण्यातला जीवच गेला

नमस्कार मंडळी. अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षणसेवक आहे, पवित्र पोर्टलमधून (सरकारची ऑनलाइन शिक्षकभरती) लागलो. कायम होण्याआधी १८ हजार मानधनावर परिविक्षेची ३ वर्षं काढायची तयारी होती. आधीचे सर मागच्या बाकावर बसून तास बघायचे, मग चहा पिताना फळ्यावरची आकृती कुठे गंडली ते सांगायचे. नवीन सरांकडे टाचणवहीवर (पाठांच्या नियोजनाची वही) सही हवी तर दाराबाहेर ताटकळायचं. ऑफ तास ऑनलाइन माहिती भरण्यात जातो (बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं काम वेगळंच!). सोबतचा एकजण तलाठी भरतीच्या मागे लागलाय, मलाही तेच बरं वाटू लागलंय. वर्गात मात्र अजून मन रमतं.

परिविक्षा संपायच्या आत संस्थाचालकांशी बोलावं का? की ‘सेवा असमाधानकारक’ असा शेरा बसेल? अशा सरांशी कुणी जमवून घेतलंय का?