गाडीत बेस हवाय? आधी दरवाजे बुजवा, डिकीतल्या सबचं नंतर बघा

पखवाजी भांडुप
भजनी मंडळात वीस वर्षं पखवाज वाजवतोय. डाव्या तोंडाला कणीक लावल्याशिवाय पखवाज बोलत नाही. कणीक कमी पडली की धूम कोरडी, जास्त झाली की दबलेली. असल्या फरकांना सरावलेले कान घेऊन दोन वर्षांपूर्वी नवी हॅचबॅक घेतली आणि पहिल्याच रविवारी ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर अभंग लावला. टाळ झणझणीत, गळा स्वच्छ, आणि धूम कुठेच नाही. नुसती शाईची टकटक.

ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, "डिकीत सब टाक." सब म्हणजे सबवूफर, फक्त खर्जासाठीचा मोठा स्पीकर. मी नाही टाकला. माझं ठाम मत झालंय की सब बसवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना त्याची गरज नसते. कंपनीच्या स्पीकरमध्ये बेस असतो, तो दरवाज्यात मरतो.

स्पीकरचा कोन पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची ताणली जाते. दोन्ही लाटा एकमेकींच्या उलट. घरातल्या स्पीकरला पेटी असते, म्हणून मागची लाट मागेच राहते. गाडीत ती पेटी म्हणजे दरवाजा. त्याच्या आतल्या पत्र्याला काचेची मोटर बसवायला पंजा आत जाईल एवढी भोकं ठेवलेली असतात आणि त्यांच्यावर एक पातळ प्लास्टिक चिकटवलेलं असतं. मागची लाट तिथून बाहेर येते, पुढच्या लाटेला गाठते आणि दोघी एकमेकींना खातात. वरच्या सुरांना त्याचं फारसं काही नाही, मार बसतो खर्जाला.

मी फक्त पुढचे दोन दरवाजे केले. हँडलमागचं झाकण काढून एक स्क्रू, आर्मरेस्टमध्ये दोन, मग खालून ओढून क्लिपा सोडवायच्या. काचेच्या बटणाचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढला की दरवाज्याचं आतलं आवरण, म्हणजे पॅड, हातात. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइल रबराचे, वरून अ‍ॅल्युमिनियम असलेले तुकडे लावले आणि रोलरने दाबून बसवले. अख्खा पत्रा झाकायची गरज नाही. बोटाने टिचकी मारून बघा. उघडा पत्रा डब्यासारखा वाजतो आणि एक तुकडा बसला की पुठ्ठ्यासारखा. मग आतली भोकं पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांनी आणि त्याच रबराने बुजवली. स्पीकरखाली लाकडी रिंग घातली आणि कडेने फोमची पट्टी लावली, म्हणजे आवाज पॅडच्या पोटात न जाता जाळीतून बाहेर येतो.

स्पीकर तेच, स्टिरिओ तोच. पण धूम आली. मंडळातले आमचे बुवा पुढच्या सीटवर बसले होते, न सांगता त्यांचा हात मांडीवर ठेका धरायला लागला.

डिकीवाला चेंबूर
पखवाजी दादा, मेहनतीला मान. पण तुमच्या अनुभवावरून सब फालतू ठरवणं पटत नाही. तुम्हाला पखवाज ऐकायचाय आणि त्याला ४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४० कंपनांएवढा खालचा सूर, लागत नाही. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला बोलते आणि आजच्या कित्येक गाण्यांत त्याच्याही खालचा सूर असतो. तो साडेसहा इंची स्पीकरमधून काढून दाखवा.

सूर एक सप्तक खाली गेला की तेवढाच आवाज द्यायला कोनाला चौपट हलावं लागतं. म्हणजे ८० हर्ट्झला जो कोन एक मिलिमीटर सरकतो, त्याला ४० हर्ट्झला चार मिलिमीटर सरकायला हवं. कंपनीच्या स्पीकरची तेवढी झेपच नसते. तो फडफडतो, आणि तीच फडफड लोकांना बेस वाटते. दहा इंची कोनाचं क्षेत्रफळ त्याच्या साधारण अडीचपट भरतं. कितीही रबर चिकटवा, कोन मोठा होत नाही.

दुसरं म्हणजे तुम्ही गाडी उभी करून ऐकलं असणार. रस्त्यावर टायरचा आणि वाऱ्याचा जो घुमारा असतो, तो मुख्यतः खालच्या सुरांचाच, आणि तो नेमका बेसच झाकतो. काँक्रीटच्या रस्त्यावर तर जास्तच. अटल सेतूवर १०० च्या वेगाने जाऊन बघा, धूम राहते का ते.

पखवाजी भांडुप
भाऊ, चौपटीचं गणित मान्य. पण मी सब फालतू म्हटलं नाही, आधी दरवाजा म्हटलं. आणि तुम्ही ज्या घुमाऱ्याबद्दल बोलताय, त्यातला थोडा दरवाज्याच्या पत्र्यातूनच आत येतो. रबर लावल्यावर तोही उतरला. सेतूवर गेलो नाही अजून, पण ऐरोलीच्या पुलावर ८० ला धूम कळते.

गिरगावची शिक्षिका
तुम्ही दोघंही खूप पुढचं बोलताय. माझं सांगते, कदाचित कुणाचे पैसे वाचतील.

माझ्या गाडीचा डावा स्पीकर फाटला म्हणून एका दुकानात बदलून घेतला. त्या दिवसापासून बेस गेला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कंपनीच्या सिस्टिममध्ये एवढाच असतो, सब लावा." खर्चाचा आकडाही दिला. घरी येऊन मुलाने सहज बॅलन्स पूर्ण उजवीकडे फिरवला आणि बेस परत आला! पूर्ण डावीकडे फिरवला, तिथेही होता. मध्ये ठेवला की गायब. नव्या स्पीकरच्या दोन वायरी उलट जोडल्या होत्या. उजवा कोन बाहेर येत होता तेव्हा डावा आत जात होता, आणि दोघांच्या मध्ये खर्ज संपत होता.

तपासायचं कसं, तर स्पीकर गाडीच्या वायरींपासून सुटा करायचा आणि घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा. सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला लावल्यावर कोन बाहेर उचलला पाहिजे. मग गाडीच्या वायरीतली प्लस त्याच टोकाला. मुलाने दोन वायरी बदलल्या, दहा मिनिटांचं काम. आधी एवढं करा, मग रबर आणा नाहीतर सब आणा.

कुर्ल्याचा वायरवाला
ताईंनी सांगितलेली चूक मी आठवड्याला एकदा तरी दुरुस्त करतो. लोक दुसरीकडे स्पीकर बसवतात आणि बेस शोधत माझ्याकडे येतात.

पण पखवाजी दादा आणि चेंबूरचे दादा, तुम्ही दोघांनी स्टिरिओला सोडून दिलंत. डब्यावर लिहिलेलं असतं ५० वॅट गुणिले ४. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. चार ओहमच्या स्पीकरला त्यातून, काहीही वाया न जाता, फार तर २६ वॅट मिळू शकतात. प्रत्यक्षात १५ ते २० स्वच्छ वॅट. त्याच्या वर ढकललं की लाटेची टोकं कापली जातात आणि स्पीकर जळतात. शिवाय कंपनीचे बरेच स्टिरिओ आवाज वाढवला की आपणहून बेस उतरवतात, स्वस्त स्पीकर फाटू नये म्हणून. दहावर धूम छान आणि पंचविसावर पातळ, असं होत असेल तर दरवाज्याचा दोष नाही तो.

हल्ली स्क्रीन बदलता येत नाही, मागचा कॅमेरा आणि स्टिअरिंगची बटणं त्यालाच जोडलेली असतात. मग स्पीकरच्या वायरीवरूनच सिग्नल घेणारा छोटा अँप, म्हणजे अँप्लिफायर, लावायचा, सेटिंग करता येणारा असेल तर उत्तम. पुढच्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचं देणं बंद करायचं. त्यांच्यावरचं ओझं उतरलं की तेच स्पीकर वेगळे वाटतात. मात्र खालचं काम कुणीतरी करायला हवं, आणि तिथे सब लागतो. त्यामुळे माझं मत चेंबूरच्या बाजूने.

कुणाकडूनही करून घ्या, तीन गोष्टी उभं राहून बघा. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज आहे ना. अर्थिंगची जागा रंग खरवडून उघड्या लोखंडावर घेतली आहे ना. आणि कंपनीची वायर कापली नाही ना, कपलरवर कपलर चढवलाय ना. वायर कापली की इलेक्ट्रिकलच्या वॉरंटीवर सर्व्हिस सेंटरला बोट ठेवता येतं. फ्यूज नसलेली वायर बॉनेटखाली घासली तर गाडी पेटते, हे भीती घालण्यासाठी सांगत नाही.

सीएनजी मुलुंड
डिकीत सब, डिकीत सब. आमच्या डिकीत सिलिंडर आहे हो! मुंबईत सीएनजीच्या गाड्या किती, हे पंपावरच्या रांगेत दिसतं. उरलेल्या जागेत दोन बॅगा आडव्या बसत नाहीत, त्यात पेटी कुठे ठेवायची? दोन छोटे सिलिंडर खाली बसवलेल्या गाड्या आल्यात, पण माझी जुनी आहे.

मी ड्रायव्हर सीटखाली बसणारा आठ इंची, आत अँप असलेला सब घेतला. ४० हर्ट्झ वगैरे विसरा. पण ५० च्या वरचं नीट भरतं, आणि पाठीखालून येत असल्यामुळे कमी आवाजातही जाणवतं. लहान बंद केबिन असल्यामुळे खालचे सूर गाडीत तसेही थोडे फुगतात, त्याचा फायदा मिळतो. पखवाजी दादांचा दरवाजा आणि माझा सीटखालचा सब, हीच जोडी आपल्याकडे चालणारी आहे.

अंधेरी पश्चिम
सीटखालचा सब घेण्याआधी एकदा जुलैमध्ये अंधेरी सबवेपाशी या. माझ्या गाडीत पाणी जेमतेम पायपुसण्यापर्यंत आलं होतं. इंजिन ठीक, सीट ठीक, सब संपला. आतल्या अँपच्या बोर्डवर हिरवट बुरशी धरली होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता, तेवढा पडायलाच हवा असं नाही. हिंदमाता, मिलन सबवे, इथे दोन तासांचा पाऊसही पुरतो.

आणि पखवाजी दादा, तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट राहिली आहे आणि ती राहायला नको होती. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दरवाज्यात जातंच, जायलाच हवं. ते तळाच्या छोट्या भोकांतून बाहेर पडतं. माझ्या आधीच्या गाडीत रबर लावणाऱ्याने तळापर्यंत तुकडे चिकटवले आणि ती भोकं बुजली. पावसाळ्यात ब्रेक मारला की दरवाज्यात पाणी डचमळायचं, कळशीत डचमळतं तसं. मला वाटायचं मागे बाटली लोळतेय. दिवाळीपर्यंत दरवाज्याच्या खालच्या शिवणीतून तांबडं पाणी ओघळायला लागलं. बेससाठी दरवाजा सडवून घेतला मी. म्हणून माझं मत दोघांच्याही विरुद्ध आहे. किनाऱ्यावरच्या दमट शहरात कंपनीने बंद केलेला दरवाजा उघडूच नये.

पखवाजी भांडुप
अंधेरीकर, चूक माझी, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. मी तळाची चार बोटं मोकळी सोडली आणि भोकांतून तार घालून तपासली. नंतर काचेवर मगभर पाणी ओतून खालून निघतंय हे बघितलं, मगच पॅड लावला. पत्रा पुसून कोरडा केल्याशिवाय रबर चिकटवायचं नाही, नाहीतर मागे ओल अडकते. तुमचं नुकसान झालं ते वाईट, पण ते हलगर्जीपणाने झालं. दरवाजा उघडूच नये, एवढ्यापर्यंत मी येणार नाही.

रात्रपाळी परळ
मी रुग्णालयात रात्रपाळी करते. दिवसा झोपते. माझ्या खिडकीखाली सोसायटीचं पार्किंग आहे आणि तिथे एक गाडी रोज दुपारी येऊन दहा मिनिटं उभी असते. शब्द ऐकू येत नाहीत, सूर ऐकू येत नाही. फक्त कपाटाच्या काचा थरथरतात. खिडकी लावून काही होत नाही, तो आवाज भिंतीतून येतो.

मी तक्रार करून बघितली. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल, असं २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात. पण ते मोजमाप कानाच्या हिशोबाने करतात आणि त्या हिशोबात ५० हर्ट्झचा आवाज जवळजवळ ३० डेसिबलने कमी धरला जातो. मीटरवर काही दिसत नाही आणि माझी झोप होत नाही. तुम्ही सगळे गाडीच्या आतलंच बोलताय. बाहेर काय जातं, ते कुणी बोललंच नाही.

डिकीवाला चेंबूर
ताई, हे वाचून मला उत्तर सुचलं नाही. मी पार्किंगमध्ये शिरताना आवाज कमी करतो, पण सब बंद करत नाही. लहान आवाजातही खालचे सूर बाहेर जातच असतील. सबची तार स्टिअरिंगजवळ आणून वेगळं बटण बसवता येतं, ते या आठवड्यात करून घेतो. सब काढणार मात्र नाही.

पखवाजी भांडुप
परळच्या ताई, दरवाजे बुजवण्यामागचं माझं एक कारण हेही आहे. तोच बेस कमी आवाजात मिळतो. आवाज लहान असला की कानाला खर्ज आधीच कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. जुन्या डेकवरचं लाउडनेसचं बटण त्यासाठीच असायचं, ते लहान आवाजात खर्ज वाढवायचं. ज्यांच्या स्टिरिओत ती सोय असेल त्यांनी लहान आवाजाला चालू ठेवावी आणि मोठ्याला बंद करावी. बाहेर अजिबात जात नाही असं मी म्हणणार नाही. आज रात्री बायकोला इमारतीच्या जिन्यात उभं करून बघतो.

वायरवाले दादा, एक विचारायचं होतं. मोटरसमोरचं भोक मी रबराने कायमचं बुजवलंय. काचेची मोटर गेली तर ते फाडावं लागेल. तुम्ही तिथे काय करता?

कुर्ल्याचा वायरवाला
पट्टी स्क्रूवर बसवतो, मध्ये फोमचं गॅस्केट. रबर फक्त कडेला. रविवारी दुपारनंतर या, लावून देतो. चेंबूरचे दादा, तुम्हीही या, तुमची गाडी दरवाजे न बुजवता आणि बुजवून, दोन्ही ऐकू.

डिकीवाला चेंबूर
येतो. गाणं मात्र माझ्या फोनमधलं लागेल.

पखवाजी भांडुप
एक तुमचं, एक माझं.