मदत हवी आहे: ट्रेकिंग निवडलं की अख्खं गडहिंग्लज फीडमध्ये येतंय

पेठकरी: छंदानुसार कोल्हापूरच्या बातम्यांचं फीड करालोय. आधी छंद निवडायचे, मग कार्डं दिसणार. ट्रेकिंग निवडलं की गडहिंग्लजची पाणीपट्टी, कुठली तरी दगडफेक, सगळं येतंय. फुटबॉलला शिवाजी विद्यापीठाच्या परीक्षा. कार्डाचा लेआउट दोनदा बदलला, फरक शून्य. शुक्रवारी दाखवायचंय. लवकर सांगा.

रंकाळा_चौपाटी: वेब की अ‍ॅप? बातम्या येतात कुठून? जुळणी कशी करतोस ते लिहिलंच नाहीस.

पेठकरी: वेब. दैनिकांच्या साइट ताज्या बातम्यांची यादी देतात ती, आरएसएस. जुळणी नेहमीसारखीच, प्रत्येक छंदाच्या शब्दयादीशी.

तांबडा_पांढरा: नेहमीसारखी म्हणजे ‘इन्क्लूड्स’ ना, मजकुरात कुठंही ती अक्षरं आली की जुळलं? मग ट्रेकिंगच्या यादीतला ‘गड’ हा ‘दगडफेक’मध्येही आहे आणि ‘गडहिंग्लज’मध्येही. आधी मजकूर शब्दांत तोड. जावास्क्रिप्टच्या रेजेक्समधला (अक्षरांचा साचा शोधायची पद्धत) बॅकस्लॅश-बी, म्हणजे शब्दाची हद्द शोधणारी खूण, वापरू नको, देवनागरी अक्षरं तो शब्दात धरतच नाही. मजकूर तोडणारं तयार ‘इंटल डॉट सेगमेंटर’ घे, लोकेल ‘एमआर’ (मराठी), ग्रॅन्युलॅरिटी ‘वर्ड’ (शब्दाशब्दाला तोड).

कळंबा_नाका: सर्व्हरला पायथन असेल तर तिथं वेगळाच घोळ. रेजेक्ससाठीचं साधं ‘आरई’ मॉड्यूल मात्रा आणि हलन्त शब्दात मोजत नाही. बॅकस्लॅश-डब्ल्यू (शब्दातलं अक्षर शोधणारी खूण) लावलं की ‘कुस्ती’चे क, स, त असे तीन तुकडे हातात येतात. ‘रेजेक्स’ नावाचं वेगळं मॉड्यूल टाका.

हुपरी_चांदी: एवढं कशाला? ‘गडहिंग्लज’ शब्द ब्लॉक कर, विषय संपला.

तांबडा_पांढरा: आणि सामानगड किल्ला गडहिंग्लज तालुक्यातच आहे ना भावा? ट्रेकिंगवाल्याला नेमकी तीच बातमी दिसायची नाही. भुदरगड तर किल्लाही आहे आणि तालुकाही. ब्लॉक करून काय काय घालवणार?

पेठकरी: शब्द तोडले. गडहिंग्लज गेलं, पण आता कुस्ती निवडली तर जवळजवळ काहीच येत नाही.

तांबडा_पांढरा: यायचंच नाही. यादीत ‘तालीम’ आहे, बातमीत ‘तालमीत’, ‘तालमीच्या’ असतं. प्रत्येक शब्दाचं सामान्यरूप सोबत लिही: तालीम-तालमी, किल्ला-किल्ल्या, पन्हाळा-पन्हाळ्या, गड-गडा. मग तुकडा बरोबर मूळ शब्दाएवढा, किंवा सामान्यरूप अधिक ठरलेला प्रत्यय असेल तरच जुळला म्हण. प्रत्यय हे: ला, ना, ने, नी, शी, चा, ची, चे, च्या, त, तून, हून, वर, वरून, पर्यंत. अनेकवचनं वेगळी टाक. विशाळगड, पारगड, रांगणा ही नावं स्वतंत्र यादीत. एका छंदाला तीस-चाळीस शब्द पुरतात.

शाहूपुरी_नोड: २०२४ नंतरही हाताने प्रत्यय लिहिताय? बहुभाषिक एम्बेडिंग घ्या, म्हणजे मजकुराचा अर्थ आकड्यांत मांडणारं मॉडेल. छंदाचं दोन ओळींचं वर्णन आणि बातमी यांची कोसाइन समानता (दोन्ही आकडे किती जवळचे) काढा. झालं.

तांबडा_पांढरा: ‘शिवाजी’ची ‘दिलबहार’वर मात, एवढंच शीर्षक दे त्या मॉडेलला. पेठेतल्या फुटबॉल संघांची ही नावं त्याला कोण सांगणार? इथं नियमच पाहिजे: संघाचं नाव असेल तर त्याच बातमीत गोल, सामना, पेनल्टी, शाहू स्टेडियम यांपैकी एक तरी हवं. ‘तालीम’ एकटी दिसली तर कुस्तीत टाकू नको. पाटाकडील तालीम फुटबॉल खेळते, आणि नाटकवालेही तालीमच करतात.

शाहूपुरी_नोड: मी शीर्षकावर कुठं म्हणालो? आरएसएसमधला सारांशही जोडायचा. आणि पक्षीनिरीक्षणासारख्या छंदाला तुमची यादी किती लांब होईल? बगळ्यापासून सुरू करा!

रंकाळा_चौपाटी: दोघांचं बरोबर. आधी नियम, जे उरतं ते एम्बेडिंगला.

मोडी_लिपी: फॉन्ट कुठला वापरलाय? मुक्ता किंवा बालू चांगले. ओळींचं अंतर १.६ ठेवा, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत अडकतात. शीर्षक अक्षरं मोजून कापू नका, मात्रा तुटून शेवटचं अक्षर अर्धवट उरतं. सीएसएसचा लाइन-क्लॅम्प (ठरावीक ओळींनंतर मजकूर झाकणारा) तीन ओळींवर लावा.

पेठकरी: फॉन्टचं विचारलंच नव्हतं. पण तुटकी अक्षरं दिसत होती खरी. आता फुटबॉल, कुस्ती दोन्ही निवडले तर वरची दहाही कार्डं फुटबॉलचीच.

कळंबा_नाका: क्रम कशावर? नुसत्या वेळेवर असेल तर हंगामात तसंच होणार. छंदाचं वजन गुणिले ०.५ चा (तास भागिले १२) हा घात, म्हणजे दर बारा तासांनी गुण निम्मे. सलग दोनपेक्षा जास्त कार्डं एका छंदाची नकोत. तीच प्रेसनोट चार दैनिकांत येते, तेव्हा शीर्षकांतले साठ टक्क्यांवर शब्द सारखे असतील तर एकच कार्ड, खाली ‘आणखी ३ ठिकाणी’.

रंकाळा_चौपाटी: कार्डावर ‘कुस्ती निवडली म्हणून’ अशी बारीक ओळ दे. ‘नको’ दाबल्यावर विचार: ही बातमी नको, हे दैनिक नको, की हा छंदच नको? नुसत्या ‘नको’वरून छंदाचं वजन उतरवलंस तर एका रटाळ बातमीपायी अख्खी कुस्ती गायब. आणि हंगाम संपल्यावर फुटबॉलच्या जागी काय दाखवणार? ‘बातम्या नाहीत’ लिहून रिकामी पाटी ठेवू नको.

हुपरी_चांदी: पाऊस लागला की कोल्हापुरात पंचगंगेची पातळीच बघायची असते. तो छंद धरायचा का?

कळंबा_नाका: छंद नाही, पण पट्टी वर कायम ठेवावी. ‘नको’चं बटण तिला नको.

पेठकरी: संघांचा नियम लावला. परीक्षा गेल्या. ‘खंडोबा’ संघाच्या नावाला अजून जत्रा येतीय.

तांबडा_पांढरा: जत्रेतल्या सामन्यांची बातमी असेल. उघडून बघ आधी.